परफॉर्मन्स गाडीत प्रीमियम पेट्रोल टाकायचं का? झाकणावरच्या स्टिकरपासून ईसीयूच्या लॉगपर्यंत सगळं

पंपावर काच खाली केली की पहिला प्रश्न, "साधं टाकू का पॉवर?" आणि गाडी जर ऑक्टाव्हिया आरएस, गोल्फ जीटीआय नाहीतर बीएमडब्ल्यू एम३४०आय असली तर बऱ्याचदा विचारत पण नाहीत, सरळ महागडं नोझल उचलतात. गाडी महागाची म्हणजे पेट्रोल पण महागाचंच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. काही गाड्यांसाठी ते एकदम बरोबर आहे, काहींसाठी निव्वळ पैसे वाया, आणि आपली गाडी यातल्या कुठल्या बाजूला आहे हे हजार-दीड हजाराच्या एका डोंगलवर स्वतःला तपासता येतं. ते कसं करायचं तेच इथे लिहितोय. लेख मोठा झालाय पण पैसे इंजिनाचे आहेत, म्हणून घाई केलेली नाही.

माझं मत आधीच सांगतो. गाडी जर मुळात ९५ किंवा ९८ ऑक्टेनसाठी बनवलेली टर्बो गाडी असेल, तर कमीत कमी ९५ टाकाच, यात काटकसर करू नका. १०० ऑक्टेन मात्र रोज टाकायची गोष्ट नाही, ते ट्रॅक, रिमॅप (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून पॉवर वाढवणं) आणि मे महिन्यातली जोरात ड्राइव्ह यासाठी. आणि झाकणावर ९१ लिहिलेल्या साध्या, बिनटर्बोच्या इंजिनात महागडं पेट्रोल टाकून पिकअप वाढल्यासारखा वाटतो तो मनाचा खेळ आहे, ते पैसे चांगल्या ऑइलवर आणि स्पार्क प्लगवर घाला.

ऑक्टेन म्हणजे नक्की काय

इथेच सगळा घोळ होतो म्हणून जरा थांबून समजून घेऊ. ऑक्टेन नंबर म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं की ते तापतं, आणि स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच आपणहून पेटू बघतं. हे आपणहून पेटणं पेट्रोल किती रोखून धरतं, ते या नंबरवरून कळतं. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० मार्क दिलेत आणि एन-हेप्टेनला शून्य, ९५ रॉन (रॉन म्हणजे अशा चाचणीत मोजलेला ऑक्टेन नंबर) म्हणजे ते पेट्रोल टेस्ट इंजिनात ९५ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं, बस एवढंच. त्यात जास्त एनर्जी आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. उलट इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे पण त्यात लिटरमागे एनर्जी पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे ऑक्टेन आणि एनर्जी या दोन वेगळ्या वाटा आहेत हे इथेच सिद्ध होतं.

मग हाय परफॉर्मन्स इंजिनाला ऑक्टेन का लागतो? स्पार्क प्लग पिस्टन वर पोचायच्या थोडा आधी पेटतो, ज्योत पसरत जाते, आणि कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दोन्हीकडून दाबलं जातं, तापतं. ते जर ज्योत पोचायच्या आधीच एकदम भडकलं तर सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा आपटतात, तो कडकड आवाज म्हणजे नॉकिंग. आपल्याकडचे जुने मेकॅनिक म्हणतात इंजिन ठोके मारतंय. टर्बोमध्ये हवा आधीच दाबून आत येते, त्यामुळे दाब आणि उष्णता दोन्ही जास्त, म्हणून नॉकिंगचा धोका जास्त. जोराचं नॉकिंग चालू राहिलं तर पिस्टनच्या कडा खड्डे पडल्यासारख्या खाल्ल्या जातात, रिंगांच्या मधली पट्टी तुटते, हेड गॅस्केट जातं, आणि मग इंजिन खोलण्याशिवाय पर्याय उरत नाही.

इंजिन बनवणारे हा नंबर किती गांभीर्याने घेतात याचं माझं आवडतं उदाहरण माझदाचं. त्यांचं स्कायअ‍ॅक्टिव्ह-जी इंजिन युरोपात १४:१ कॉम्प्रेशनवर, म्हणजे मिश्रण चौदा पट दाबणारं, विकलं आणि अमेरिकेत, तिथल्या साध्या पेट्रोलवर चालावं म्हणून, तेच इंजिन १३:१ वर आणलं. म्हणजे गाडी कुठल्या पेट्रोलवर चालणार हे पिस्टनचा आकार ठरवतानाच ठरलेलं असतं, ते आपण नंतर पंपावर बदलू शकत नाही.

आजच्या गाड्यांमध्ये नॉक सेन्सर असतो, ब्लॉकला बोल्टने आवळलेला एक छोटासा पिझो सेन्सर, तो इंजिनाची कंपनं ऐकत बसतो आणि नॉकिंगची ठराविक फ्रिक्वेन्सी आली की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो, ईसीयू लगेच त्या सिलिंडरचं टायमिंग, म्हणजे स्पार्क पेटायची वेळ, दोन-चार डिग्री मागे घेतं, तरी थांबलं नाही तर बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, कमी करतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साबने टर्बो गाडीत ही पद्धत आणली तेव्हा ती नवलाई होती, आता साध्या हॅचबॅकमध्ये पण असते. याचा अर्थ असा की कमी ऑक्टेन टाकलं म्हणून इंजिन लगेच फुटत नाही, ते स्वतःला सांभाळून घेतं, पण त्याची किंमत तुम्ही पॉवर आणि अ‍ॅव्हरेजमध्ये मोजता. टायमिंग मागे गेलं की तेवढंच पेट्रोल जाळून कमी काम होतं आणि उरलेली उष्णता एक्झॉस्टमध्ये, टर्बोमध्ये जाते. आणि याच्या उलट बाजू पण लक्षात घ्या, ज्या इंजिनाचं टायमिंग ९१ वर पण मागे जातच नव्हतं, त्याला ९५ दिलं काय नि १०० दिलं काय, ईसीयूला पुढे जायला जागाच ठेवलेली नाही, त्यामुळे फरक शून्य.

पहिलं काम : पेट्रोलचं झाकण उघडा

खरंच, आधी खाली जाऊन पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू बघा. तिथे स्टिकर असतो, त्यावर रॉन किंवा आरओझेड असं लिहून आकडा असतो, बऱ्याच जर्मन गाड्यांवर दोन आकडे असतात, ९५ आणि ९१ किंवा ९८ आणि ९५. आरओझेड म्हणजे जर्मन रॉनच, वेगळं काही नाही. दोन आकडे असले तर मोठा आकडा म्हणजे ज्या पेट्रोलवर कंपनीने जाहीर केलेली पॉवर मिळते तो, आणि छोटा म्हणजे इंजिनाला इजा न होता चालेल असा, पण पॉवर थोडी कमी. तिथेच इथेनॉलचा आकडा असतो, ई१० किंवा ई२०, म्हणजे १० किंवा २० टक्के इथेनॉल, तो पण बघून ठेवा.

मग मॅन्युअल काढा, ग्लव्हबॉक्समध्ये प्लास्टिकच्या पाकिटात असतं, इंधनाच्या पानावर जा आणि तीन शब्दांत फरक करा. 'किमान' म्हणजे याच्या खाली जाऊच नका. 'शिफारस' म्हणजे हे टाकलंत तर पूर्ण पॉवर. 'आवश्यक' लिहिलं असेल तर वादच नाही, तेच टाकायचं, मिळालं नाही तर अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवून पुढच्या पंपापर्यंत जायचं. ग्रुपवर कोण काय म्हणतं, शोरूमचा सेल्समन काय म्हणतो, यापेक्षा हे एक पान जास्त खरं आहे, आणि वॉरंटीचा विषय निघाला की सर्व्हिस सेंटरवाले पण हेच पान उघडतात.

दुसरं : आपलं इंजिन कुठल्या जातीचं आहे

बिनटर्बोचं, साधारण १० ते ११ कॉम्प्रेशनचं, झाकणावर ९१ लिहिलेलं इंजिन असेल तर लेख इथेच सोडून पंप कसा निवडायचा त्या भागावर गेलात तरी चालेल.

छोटं टर्बो, म्हणजे एक लिटर, १.२, १.५ वाली टीएसआय, टी-जीडीआय मंडळी, यांच्यात फरक पडतो पण तो शहरात कळत नाही. सिग्नल टू सिग्नल पुण्यात फिरताना टर्बो अर्धाच जागा असतो, नॉकिंगची वेळच येत नाही. कळतो तो घाटात, चार माणसं आणि सामान भरून, एसी चालू, उन्हात.

आणि मग खरी परफॉर्मन्स इंजिनं, दोन लिटर टर्बो २४५-२६५ बीएचपी वाली किंवा बीएमडब्ल्यूचं तीन लिटर सहा सिलिंडर. २०२५ मध्ये आपल्याकडे आलेली गोल्फ जीटीआय दोन लिटरमधून २६५ पीएस काढते, म्हणजे लिटरमागे १३० च्या वर, एवढी ताकद काढायची तर बूस्ट आणि टायमिंग दोन्ही कडेला नेलेले असतात. या गाड्यांमध्ये पेट्रोलचा दर्जा हा इंजिनाच्या सेटिंगचाच भाग आहे असं समजा.

हवामान पण धरा. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात ४५ डिग्रीत इंटरकूलरमधून, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या रेडिएटरमधून, बाहेर येणारी हवा पण गरमच, तिथे तीच गाडी तेच पेट्रोल जास्त टायमिंग मागे घेते. मुंबईच्या दमट हवेत नॉकिंगची प्रवृत्ती उलट थोडी कमी असते. ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभं राहून इंटरकूलर तापला आणि लगेच मोकळा रस्ता मिळाला म्हणून पाय दाबला, हा सगळ्यात वाईट क्षण. दोन-तीन मिनिटं वारा लागू द्या मग दाबा.

तिसरं : पंपावर नक्की काय मिळतं

प्रीमियम या शब्दाखाली आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि लोक त्यात गफलत करतात. एक म्हणजे ऑक्टेन जास्त असलेलं, दुसरं म्हणजे सफाईची रसायनं घातलेलं. कधी दोन्ही एकत्र असतात, कधी नाही. त्यामुळे ब्रँडच्या नावावर जाऊ नका, नोझलवर किंवा मशीनवर रॉनचा आकडा लिहिलाय का ते बघा, नसेल तर विचारा. इंडियन ऑइलचं एक्सपी ९५ आणि एक्सपी १०० मध्ये आकडा नावातच आहे, एचपीच्या पॉवर ९५ चं पण तसंच. एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आलं, पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुणे होते, आणि त्यात इथेनॉल नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ते ठराविक पंपांवरच मिळतं, भाव लिटरला दीडशेच्या पुढे.

आता महत्त्वाचा भाग, जो बऱ्याच जुन्या सल्ल्यांमध्ये सापडणार नाही. आपलं साधं पेट्रोल पूर्वी ८८ रॉन होतं, नंतर ९१ झालं, आणि ई२० आल्यावर पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की २० टक्के इथेनॉलमुळे साधं पेट्रोलच आता ९५ रॉनला पोचतं. इथेनॉलचा दुसरा फायदा म्हणजे ते वाफ होताना भरपूर उष्णता शोषतं, डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात त्याने सिलिंडर थंड राहायला मदत होते. म्हणजे नॉकिंगच्या बाबतीत साधं आणि ९५ वालं यातलं अंतर पूर्वीपेक्षा खूप कमी झालेलं आहे. पण तोटा पण आहेच, एनर्जी कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज पडतं. नीती आयोगाच्या ई२० च्या रोडमॅपमध्येच लिहिलंय की मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० वर सेट केलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट येऊ शकते, आणि ई१० साठी बनवून ई२० वर सेट केलेल्यांमध्ये १ ते २ टक्के. आणि ९५ वालं प्रीमियम घेतलं म्हणजे इथेनॉल टळलं असं अजिबात समजू नका, त्यात पण असतंच. इथेनॉल नको असेल तर १०० कडेच जावं लागतं.

म्हणून माझा आग्रह आहे की २०१९ मधले अनुभव वाचून आज निर्णय घेऊ नका, पेट्रोलच बदललंय, स्वतःच्या गाडीवर मोजा.

चौथं : मोजायचं कसं

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण हेच कोणी करत नाही आणि सगळे नुसते अंदाजावर भांडतात.

लागतं काय तर ईसीयूमधले आकडे फोनवर दाखवणारा एक ब्लूटूथ ओबीडी डोंगल, स्टिअरिंगच्या खाली पॅडलच्या वर सोळा पिनचं सॉकेट असतं त्यात बसतो. फोनवर अ‍ॅप. साध्या अ‍ॅपमध्ये इग्निशन टायमिंग, इनटेक हवेचं तापमान, बूस्ट एवढं दिसतं आणि ते पण पुरतं. स्कोडा-फोक्सवॅगनवाल्यांनी ओबीडीइलेव्हन किंवा व्हीसीडीएस घेतलं तर प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे गेलं ते वेगवेगळं दिसतं, बीएमडब्ल्यूवाल्यांसाठी बिमरलिंक किंवा एमएचडी.

आता पद्धत. टाकी एकदम खाली आणू नका, पाव टाकीच्या खाली गेली की ज्या पंपावर नेहमी भरता तिथेच साधं पेट्रोल फुल करा. एक टाकी अशीच घालवा, कारण जुनं पेट्रोल मिसळलेलं असतं आणि ईसीयूला पण नवीन पेट्रोल शिकायला वेळ लागतो. दुसऱ्या टाकीवर लॉग, म्हणजे या आकड्यांची नोंद, घ्या. मग ९५ ची एक टाकी घालवा, दुसरीवर लॉग. हवं तर पुढे १००. दर वेळी टायर प्रेशर तेच, एसी तसाच, माणसं तेवढीच, आणि दिवसाची वेळ साधारण तीच.

लॉग घ्यायला एक सरळ चढ लागतो, मोकळा, खड्डे नसलेला, पहाटेचा. इंजिन पूर्ण गरम झालेलं पाहिजे, ऑइल ९० डिग्रीच्या आसपास. गिअर मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्यावर लॉक करा, २००० आरपीएमपासून पूर्ण दाबा आणि ४५०० ला सोडा, बहुतेक गाड्यांमध्ये हे १०० किमीच्या आतच संपतं, त्यापेक्षा वर जायची गरज नाही. फोन शेजारच्या माणसाच्या हातात द्या, चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही, लॉग सेव्ह होतो, घरी येऊन बघा. तीन वेळा करा, मध्ये पाच मिनिटं गाडी हळू चालवून थंड होऊ द्या. एकाच रनवर निष्कर्ष काढू नका.

घरी लॉग उघडलात की पूर्ण थ्रॉटलचा भाग शोधा आणि सिलिंडरच्या ओळी बघा. एखाद्या सिलिंडरला मध्येच दीड-दोन डिग्री मागे जाऊन परत शून्यावर येतंय, हे नॉर्मल आहे, ईसीयू कडेपर्यंत जाऊन बघतच असतं. पण सगळ्याच सिलिंडरना तीन-चार डिग्री मागे गेलंय आणि शेवटपर्यंत तसंच राहिलंय, तर गाडी सांगतेय की हे पेट्रोल मला पुरत नाही. आणि एकाच सिलिंडरला पाच-सहा डिग्री आणि बाकी सगळे स्वच्छ, तर दोष पेट्रोलचा नसण्याची शक्यता जास्त, प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर बघून घ्या. काही अ‍ॅपमध्ये हा आकडा मायनसमध्ये दिसतो काहींमध्ये प्लसमध्ये, गोंधळू नका. इनटेक हवेचं तापमान पण शेजारी बघा, एका रनला ४० आणि दुसऱ्याला ५५ असेल तर त्या दोघांची तुलनाच करू नका.

साधं आणि ९५ मध्ये लॉग सारखेच आले? मग तुमच्या गाडीला, तुमच्या पंपावरच्या साध्या पेट्रोलवर, काही कमी पडत नाही. विषय संपला. ९५ वर टायमिंग दोन-तीन डिग्री पुढे आलं, बूस्ट पण भरून येतोय? मग ९५ टाकायला कारण आहे, कोणी कितीही म्हणू दे काही फरक नसतो म्हणून.

अ‍ॅव्हरेज मोजायचं तर फुल टू फुल, ऑटो कट झाला की थांबायचं, वरून थोडं थोडं करून भरायचं नाही, ट्रिप मीटर शून्य, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर त्याच मशीनवर. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका, तो ईसीयूचा अंदाज असतो.

पाचवं : पैशाचं गणित

समजा साधं १०४ रुपये आणि ९५ वालं ११२, म्हणजे आठ रुपयांचा फरक. नुसत्या अ‍ॅव्हरेजवर हे वसूल करायचं तर अ‍ॅव्हरेज जवळजवळ पावणेआठ टक्के वाढलं पाहिजे. अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संस्थेने २०१७ मध्ये ज्या गाड्यांना प्रीमियमची शिफारस आहे अशाच गाड्या तपासल्या, त्यात सरासरी अ‍ॅव्हरेज २.७ टक्के आणि पॉवर १.४ टक्के वाढली. म्हणजे शिफारस असलेल्या गाडीत पण पैसे अ‍ॅव्हरेजमधून परत येत नाहीत. आणि त्याच संस्थेने त्याआधी, २०१६ मध्ये, साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्यांत प्रीमियम टाकून बघितलं तर सांगण्यासारखा फायदाच दिसला नाही.

तर मग टाकायचं कशाला? पॉवरसाठी आणि इंजिनाच्या सुरक्षेसाठी. महिन्याला १०० लिटर जाळणारी एम३४०आय धरली तर ९५ चा जादा खर्च आठशे रुपये. ज्या गाडीचा टायरचा सेट लाखाच्या घरात जातो तिला आठशे रुपये मी विनातक्रार देईन. १०० ऑक्टेन १६० रुपयांनी धरलं तर मात्र जादा खर्च साडेपाच हजाराच्या वर, इथेनॉल नाही म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं सुधारेल, पण ५०-५५ टक्के जादा भाव कुठल्याच अ‍ॅव्हरेजने भरून निघत नाही. स्टॉक, म्हणजे रिमॅप न केलेल्या, गाडीत रोजच्या ऑफिसच्या वाटेवर हे करण्यात मला अर्थ दिसत नाही.

मिसळून काम भागतं

ट्रॅक डेला चेन्नईला किंवा कोइम्बतूरच्या करी रेस ट्रॅकला जाताय, नाहीतर सकाळी मित्रांबरोबर जोरात ड्राइव्ह आहे, तर टाकीभर १०० टाकायची गरज नसते. ऑक्टेनचा हिशोब ढोबळमानाने सरळ सरासरीचा आहे. २५ लिटर ९५ मध्ये २५ लिटर १०० टाकलं की साडेसत्त्याण्णवच्या आसपास. ९८ ची शिफारस असलेल्या गाडीला एवढं पुरतं. आधी कमी ऑक्टेनवालं टाका मग वरून १००, आणि लगेच दाबू नका, दहा-पंधरा किलोमीटर नीट चालवा, पाइपमधलं जुनं पेट्रोल संपू द्या. बाटलीतले ऑक्टेन बूस्टर मिळतात त्यावर 'वीस पॉइंट वाढतो' असं लिहिलं असलं तर तो पॉइंट म्हणजे ०.१ असतो बरं का, वीस पॉइंट म्हणजे दोन ऑक्टेन. त्यापेक्षा १०० चं पेट्रोल मिसळणं स्वस्त आणि खात्रीचं.

रिमॅप केलेली गाडी असेल तर

इथे मी कडक बोलणार. स्टेज वन म्हणजे कोणीतरी बूस्ट आणि टायमिंग वाढवून कंपनीने ठेवलेली सुरक्षेची जागा वापरलेली आहे. तो मॅप ठराविक ऑक्टेन धरून लिहिलेला असतो. ट्यूनरला लेखी विचारा, हा मॅप कुठल्या पेट्रोलचा, ९५ चा का ९८-१०० चा, आणि गाडी दिल्यावर आपल्याच पेट्रोलवरचा लॉग मागा. जो लॉग देत नाही त्याच्याकडे गाडी देऊ नका. ९८ च्या मॅपवर साधं टाकून घाटात दाबणं म्हणजे नॉक सेन्सरच्या भरवशावर इंजिन लावणं, आणि नॉक सेन्सर एका मर्यादेपर्यंतच मागे घेऊ शकतो. माझ्या ओळखीत एका टर्बो हॅचची तिसऱ्या सिलिंडरची रिंग लँड, म्हणजे पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी, अशीच गेली, पिस्टन हातात घेतला तर कडेचा तुकडा नखाएवढा तुटलेला, भिंतीवर उभे ओरखडे. एका पिस्टनपायी पूर्ण इंजिन खाली आलं. आणि आता ई२० साठी पण विचारून घ्या, इथेनॉल जास्त म्हणजे इंजेक्टरना आणि हाय प्रेशर पंपाला जास्त इंधन पुरवावं लागतं, आधीच शंभर टक्क्यांवर चाललेला पंप तिथे कमी पडतो.

पंप निवडणं हे नंबरपेक्षा मोठं

९५ चा बोर्ड आणि आत भेसळ किंवा पाणी असेल तर सगळं वाया. ज्या पंपावर गर्दी असते, टँकर वारंवार येतो, तिथे भरा. प्रीमियमच्या बाबतीत तर हे जास्तच, कारण तालुक्याच्या ठिकाणी ९५ चा खप कमी, तेच पेट्रोल टाकीत आठवडेच्या आठवडे पडून राहतं. इथेनॉल पाणी ओढतं, पावसाळ्यात कोकणात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन पण घसरतो. तुफान पावसाच्या दुसऱ्या दिवशी सखल भागातल्या पंपावर मी भरत नाही.

शंका आली तर फिल्टर पेपर मागा, पंपावर तो ठेवणं बंधनकारक आहे आणि मागणं तुमचा हक्क. नोझलचं तोंड आधी पुसून घ्या, मग कागदावर एक थेंब. दोन मिनिटांत थेंब उडून जायला पाहिजे आणि डाग राहायला नको. फिकट गुलाबीसर छटा राहिली तर ती पेट्रोलमधल्या रंगाची, घाबरू नका, पण तेलकट, कडेला गडद कडं असलेला डाग राहिला तर रॉकेलसारखं काहीतरी मिसळलंय, आणि रॉकेलचा ऑक्टेन इतका कमी की थोड्या भेसळीने पण टर्बो इंजिन ठोके मारायला लागतं. डेन्सिटी पण बोर्डावर लिहिलेली असते, पेट्रोलची घनमीटरला ७२० ते ७७५ किलो, टँकर आला तेव्हा नोंदवलेल्या आकड्यापेक्षा आत्ताचा आकडा ३ पेक्षा जास्त वर किंवा खाली असेल तर विचारा. बिल घ्या, त्यावर कुठलं पेट्रोल ते छापलेलं असतं, एखाद्या वेळी इंजिन गेलं तर तेच एक कागद हातात असतो.

सफाईचं काय

प्रीमियममधली सफाईची रसायनं इंजेक्टरची तोंडं स्वच्छ ठेवायला खरंच मदत करतात. पण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हला त्याचा स्पर्शच होत नाही, त्यामुळे तिथला कार्बन कुठल्याच पेट्रोलने निघत नाही. साठ-सत्तर हजार किलोमीटरला गाडी सकाळी थरथरायला लागली, मिसफायर दाखवायला लागली तर वॉलनट ब्लास्टिंग, म्हणजे अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून व्हॉल्व्ह साफ करणं, हाच उपाय.

आणि एक गोष्ट ऑक्टेनने सुटत नाही, ती म्हणजे कमी आरपीएमवरचं अवेळी पेटणं, छोट्या टर्बोंचा रोग. सहाव्या गिअरमध्ये १४०० आरपीएमला कसारा चढताना अ‍ॅक्सिलरेटर खाली दाबलात की सिलिंडरमधला ऑइलचा थेंब स्पार्कच्या आधीच ठिणगी होतो. यावर उपाय दोनच, गिअर खाली घ्या आणि एपीआय एसपी ग्रेडचं ऑइल वापरा, २०२० मध्ये आलेल्या या ग्रेडमध्ये नेमकी याचीच चाचणी आहे.

परदेशातल्या मंडळींसाठी

न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातले नातेवाईक म्हणतात आमच्याकडे ८७ टाकतो तरी गाडी पळते, तुम्ही ९५ कशाला टाकता. तिथला आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात, रॉन आणि मॉन या दोन चाचण्यांची सरासरी. तिथलं ८७ म्हणजे आपल्याकडचं ९१-९२ च्या जवळ, ९१ म्हणजे साधारण ९५-९६, ९३ म्हणजे ९८ च्या आसपास. अमेरिकेतून आणलेली ट्यूनिंगची फाइल इथे टाकताना हा फरक आधी बघा. जर्मनीत सुपर ९५ आणि सुपर प्लस ९८ हे रॉनच आहेत, तिथला सल्ला इथे आकड्यासकट चालतो, इथेनॉलचं प्रमाण सोडून.

बाहेरगावी ९५ मिळालंच नाही तर

कोकणात नाहीतर मराठवाड्यात आत गेलात की ही वेळ येतेच. झाकणावर किमान ९१ असेल तर साधं टाका, काही होत नाही, फक्त स्पोर्ट मोड बंद, घाटात गिअर खाली ठेवून आरपीएम ३००० च्या आसपास आणि पाय अर्ध्यापर्यंतच. किमान ९५ असेल तर साधं आता ९५ ला पोचतं असं मंत्रालय म्हणतंय, तरी मी पूर्ण टाकी न भरता दहा-पंधरा लिटरच टाकतो आणि पुढच्या मोठ्या गावात ९५ ने फुल करतो. रिमॅपवाल्यांनी निघायच्या आधीच ट्यूनरकडून स्टॉक मॅप फोनवर घेऊन ठेवा, डोंगलने वीस मिनिटांत परत टाकता येतो. मुंबईहून गोव्याला निघणाऱ्यांनी पनवेलच्या आधीच ९५ ची टाकी फुल करा, आणि गोव्यात शिरल्यावर परत भरा, तिथला कर कमी असल्याने पेट्रोल आपल्यापेक्षा तसंही स्वस्त पडतं.